पितरपाटातली मिशी

साल दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा बहात्तर. मागच्या दाढा गेल्या होत्या, उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, पण मिशी जागेवर होती. पांढरी झाली होती, एवढंच. त्या साली भादव्यातली पौर्णिमा उलटून पितरपाट लागला आणि मी टीव्हीत माझं मरण बघितलं.

आता दरसाल हा पंधरवडा आला की तो धसका छातीत पुन्हा उठतो. यंदाही उठला. काल सून परसात बसून तांबडा भोपळा चिरत होती. विळीवर फोड कर्रकन दुभंगली आणि मी बाजेवर दचकलो. ती म्हणाली, काय झालं मामा? मी म्हणालो, काही नाही, डोळा लागला होता. डोळा लागला नव्हता. पत्र्यावर कावळे येऊन बसले होते, ऊन पाठीला चावत होतं, शेजारच्या घरातून वड्याच्या तळणाचा वास येत होता, आणि मी मनानं पुन्हा त्या दिवसात जाऊन बसलो होतो.

पितरपाट म्हणजे आमच्याकडं जेवायचे दिवस. मेलेल्यांच्या नावानं जित्यांनी खीर खायची. आणि त्याच दिवसांत आमची मेंढरं कातरायची. पावसाळ्याचा सगळा चिखल लोकरीत बसलेला असतो. मेंढरं वडकबाळच्या पुलाखाली सीनेवर न्यायची, एकेक पाण्यात लोटायचं, दोन्ही हातांनी चोळायचं, काठावर वाळू द्यायचं आणि मग कातरीला घ्यायचं. ओल्या लोकरीचा एक उग्र, तेलकट वास असतो. ज्यांना त्याची सवय नाही ते नाक धरतात. मला त्या वासाशिवाय पितर जेवले असं वाटत नाही. माणसांना मात्र या पंधरवड्यात वस्तरा लागत नाही. दाढी वाढवायची, डोकं वाढवायचं. आमचा न्हावी या दिवसांत स्वतःच्याच खुर्चीत झोपा काढतो. मेंढरं बोडकी आणि माणसं केसाळ, असे हे दिवस.

मिशीचं सांगतो. आमच्यात मिशी शोभेला ठेवत नाहीत. ती घराची पाटी आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की धाकट्यांनी डोकं आणि मिशी काढायची. त्याशिवाय वस्तरा तिथवर पोचत नाही. रस्त्यानं बोडका, बिनमिशीचा माणूस येताना दिसला तर आम्ही त्याला काय झालं असं विचारत नाही. कधी झालं, असं विचारतो.

माझी मिशी एकदाच गेली. बाप वारला तेव्हा मी मेंढरं घेऊन कर्नाटकात विजापूरकडं होतो. निरोप फिरत फिरत पोचला. मी आलो तोवर सगळं उरकलं होतं, तोंड बघायला मिळालं नाही. दहाव्याला नदीवर न्हाव्यानं डोक्यावर गार पाणी चोळलं आणि वस्तरा चालवला. तोवर मी रडलो नव्हतो. लोक म्हणत होते, पोरगं दगडाचं आहे. डोक्यावरचे केस गेले त्याचंही काही वाटलं नाही. मग वस्तरा नाकाखालून फिरला आणि त्या जागेला वारा लागला. मिसरूड फुटल्यापासून त्या जागेला वारा लागलाच नव्हता. नदीवरचा तो जरासा वारा, त्यात काही जोर नव्हता, पण त्यानं मला सांगितलं की बाप नाही. मी वाळूत बसलो तो उठेना. दोघांनी बगलेत हात घालून उठवला.

म्हणून मी म्हणतो, ती जागा झाकलेली बरी.

बिरू माझा नातू, माझ्या भीमाचा थोरला. पोहायला तो आमच्याबरोबर मेंढरं धुताधुताच शिकला. पुढं शिकायला सोलापूरला ठेवला, तर तिथल्या पोहण्याच्या तलावावर कुणा मास्तरानं त्याला हेरला. मग फौजेनं नेला. फौजेनं त्याला बंदूक कमी आणि पाणी जास्त दिलं. सुट्टीला यायचा तेव्हा खांदे हे एवढे, आणि त्या खांद्यांना शोभेल अशी काळी, दाट मिशी. माझ्यासारखी. गावातून माझ्याबरोबर चालायला लागला की मला वाटायचं, मी दोनदा चालतोय.

तो काय पोहतो असं कुणी विचारलं की घरातली म्हणायची, बटरफ्लाय. म्हणजे काय? तर फुलपाखरू. मी कधी बघितलं नव्हतं. मोबाईलचं चित्र मला धूसर दिसतं, आणि दाखवू का म्हणणाऱ्याला मी कधी दाखव म्हटलं नाही. धनगराच्या पोरानं वाघ व्हावं, एडका व्हावं. फुलपाखरू व्हायचं, हे मला गावात सांगायला जड जायचं. नातू पोहतो, एवढंच मी सांगायचो. पण शिवलिंगप्पाला ते कळलंच. शिवलिंगप्पा म्हणजे माझा लहानपणापासूनचा सोबती, किराणा दुकानाचा मालक, घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी बोलणारा. तेव्हापासून साखर जोखताना तो हमखास विचारायचा, तुमचं फुलपाखरू सध्या कुठल्या फुलावर हाय? मी साखर न घेता परत आलोय त्यापायी.

त्या साली परदेशात देशोदेशीच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली होती. धावणं, कुस्ती, नेमबाजी, पोहणं, सगळं एका गावात, जत्रेसारखं. बिरूची त्यात निवड झाली. जायच्या आधी त्याचा फोन आला. म्हणाला, शर्यतीच्या आधी अंगावरचे केस काढतात, पाणी अंगाला कमी धरतं.

मी म्हणालो, काढ की.

“आज्जा, मिशी बी काढा म्हनत्यात.”

“डोस्कं काढ, छाती काढ. मिशीला हात लावायचा न्हाय.”

मग तो म्हणाला, “व्हय.”

तो ‘व्हय’ मी माझ्या कानानं ऐकला. मी चौथी शिकलेला माणूस, मला कागदावरचं फारसं कळत नाही. पण तोंडानं दिलेला ‘व्हय’ माझ्या लेखी सातबाऱ्यावरच्या नावासारखा.

त्या दिवशी सकाळी पहिली शर्यत होती. सगळ्यांतून आठ निवडायचे आणि संध्याकाळच्या सुमाराला त्या आठांची शेवटची शर्यत, असं भीमानं समजावलं. आमच्या पुढच्या खोलीत टीव्ही लावला. गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली. पाणी निळं होतं, इतकं निळं पाणी मी देवळातल्या चित्रातच बघितलेलं. पोरं पाण्यात पडली, नुसता फेस दिसत होता, त्यातला आमचा कुठला ते मला उमजेना. मग सगळी ओरडायला लागली, आला, आला, आठात आला. भीमानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. आणि टीव्हीवाल्यानं बिरूचं तोंड जवळून दाखवलं. तो पाण्याच्या काठाला धरून होता. त्यानं डोळ्यांवरची भिंगं वर केली, डोक्यावरची रबरी टोपी ओढून काढली.

डोकं तासलेलं. आणि नाकाखाली काही नाही.

माझ्या हातात चहा होता. मी कप खाली ठेवला नाही, तो सुटला. धोतरावर कढत चहा सांडला ते मला नंतर कळलं. मला एवढंच दिसत होतं की तिकडं, सगळ्या जगापुढं, ऐन पितरपाटात, माझा नातू मी गेल्याचं सांगत उभा आहे. छातीत काहीतरी धाडकन खाली बसलं. मी माझ्या मिशीला हात लावून बघितला. आहे. मांडीला हात लावला. आहे. खोलीत माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी स्वतःला चाचपत होतो.

भीमाला माझं तोंड दिसलं असावं. तो हळूच म्हणाला, “आबा, आपन मेंढराची लव काढतो की. तसंच हाय ते. हलकं व्हायला.”

“मेंढराला आज्जा नसतो,” मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. बिरूच असणार. घरातला तो एकच फोन, सुनेच्या ताब्यात असायचा. मी सांगितलं, त्याला हात लावायचा नाही. मला विचारल्याशिवाय या घरातून कुणी कुणाशी बोलायचं नाही. सुनंदा, माझी सून, गरीब स्वभावाची नाही, पण त्या दिवशी तिनं मानलं. फोन कोनाड्यात वाजत राहिला. बंद पडायचा, पुन्हा वाजायचा. भीमा मेंढरांकडं निघून गेला. मी ओसरीवर बाज टाकून बसलो आणि रस्त्याकडं बघत राहिलो. ऊन चढत गेलं. लोक जाता येता पेढे मागत होते. मी मान हलवत होतो.

दुपारी एक जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबली. आधी आवाज आला, मग माणूस दिसलं. माझी धाकटी बहीण गंगव्वा, अक्कलकोटच्या पलीकडं दिलेली, छाती पिटत बोळातून येत होती, आणि तिच्यामागं तिच्या वस्तीतल्या चार बायका पदर डोळ्याला लावून. “यप्पा, अण्णा गेला की गं माझा! आता माहेर कुटलं मला?” म्हणत ती आली ती उंबऱ्यावरच कोसळली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बाजेवर बसलेलो. तिचे डोळे पाण्यानं भरलेले, तिला मी दिसेना. आपल्या नावानं रडणं ऐकायची माणसाला सवय नसते. ती माझ्या लहानपणीच्या गोष्टी काढून रडत होती, कधी मी तिला जत्रेत खांद्यावर बसवून नेलं ते, कधी बांगड्यांसाठी बापाशी भांडलो ते. मला त्यातलं अर्धं आठवतही नव्हतं. आणि खरं सांगतो, ऐकत राहावंसं वाटलं.

शेवटी म्हणालो, “गंगे, हितं बसलोय मी. पानी पी.”

तिनं मान वर केली. किंकाळी मारायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग उठली आणि दोन्ही मुठींनी माझ्या खांद्यावर, पाठीवर मारत सुटली. तिच्या नातवानं मोबाईलवर बिरूची शर्यत दाखवली होती. तिला शर्यत दिसली नाही, डोकं दिसलं. तिनं फोन लावले, कुणी उचलला नाही. मग काय समजायचं? बरोबरच समजली ती. येताना बाजारात थांबून रीतीप्रमाणं भीमासाठी टॉवेल आणि टोपीसुद्धा घेतली होती तिनं. दुखवट्याची.

शिवलिंगप्पा याच वेळी यायचा होता. तो नातवाच्या कौतुकाला म्हणून झेंडूचा हार घेऊन आला. बघतो तर ओसरीवर रडारड, बायका, टॉवेल-टोपी, आणि मध्ये मी मार खात. त्याला सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. झाला, तशी तो कट्ट्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. म्हणाला, आमच्या लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत म्हणून मी आपला हार घेऊन आलो, आता हा नातवाच्या फोटोला घालू का तुमाला?

“फोटोला घालशील तर हात तोडीन,” मी म्हणालो.

“मग तुमीच घ्या. जित्यापनी घालून घ्या, नंतर कोन घालतंय.”

बायकाही हसायला लागल्या. गंगव्वा रडत रडत हसत होती. मला हसू येईना. धसका माणसाच्या अंगातून ज्याच्या त्याच्या वाटेनं जातो. तिचा मुठीतून गेला. माझा छातीतच बसून होता. उलट आता तो वाढला होता. कारण आता नुसता मला वाटत नव्हता, तो चारचौघांना दिसला होता. माझी बहीण मला रडून मोकळी झाली होती. मी आणि माझं मरण यांच्यामध्ये फक्त एका पोराच्या ओठावरची मिशी होती, आणि ती त्यानं काढून टाकली होती. दिलेला ‘व्हय’ मोडून.

शिवलिंगप्पा जाताना मवाळ होऊन म्हणाला, “होगली बिडु. जाऊ दे, सोड. पोरगं हाय.”

मी सोडणारा माणूस नाही. माझ्या हातातली दोरी मेंढरू मेल्यावरसुद्धा सुटत नाही, असं माझा बाप म्हणायचा, आणि तो ते कौतुकानं म्हणायचा.

गंगव्वानं जेवणखाण झाल्यावर पुन्हा लावून धरलं. त्याला फोन कर, लेकरू तितं परक्या मुलखात एकटं हाय. मी म्हणालो, मी करणार नाही. आमच्यात भांडण कुणाचंही असो, धाकट्यानं यायचं, पायावर डोकं ठेवायचं, मग मोठ्यानं जेवलास का म्हणून विचारायचं. मोठ्यानं आधी बोलायची रीत नाही. ती म्हणाली, मग त्याचा येतोय तो तरी घे. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

तेव्हा सुनंदा पुढं आली. इतका वेळ ती चुलीपाशीच होती. पदर नीट केला, माझ्याकडं न बघता म्हणाली, “मामा, तुमी बोलल्याबिगर त्यो पान्यात नीट उतरायचा न्हाय. मी आई हाय त्याची, मला म्हाईत हाय.”

मी काही म्हणालो नाही. त्याचा अर्थ तिनं तिला हवा तसा घेतला. पुन्हा फोन वाजला तेव्हा तिनं तो उचलला, दोन शब्द बोलली आणि सरळ माझ्या कानाला लावला. तिकडून खूप माणसांचा गोंगाट, कुठंतरी शिट्टी, आणि त्यात त्याचा श्वास. धावून आल्यासारखा.

“आज्जा,” तो म्हणाला. “शिवी तरी घाला की.”

माझ्या तोंडापर्यंत शिवी आली होती. चांगली ठसठशीत. पण शिवी म्हणजे बोलणंच की. शिवी घातली की नातं चालू झालं. मी तोंड मिटून ठेवलं आणि मान वळवली. सुनंदानं फोन परत घेतला. तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या कानाला लागलं. मी ते पुसलं नाही.

शर्यतीच्या वेळेला पुन्हा सगळी टीव्हीपुढं बसली. मी जाहीर केलं की मी बघणार नाही, आणि बाज ओसरीवर नेऊन खोलीकडं पाठ करून बसलो. समोर कातरायची राहिलेली मेंढरं वाघरीत उभी होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची आमची जाळी. ऊन कलंडलं होतं, त्या जाळीच्या सावल्या मेंढरांच्या पाठीवर पडल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होतो, पण कान मागं होते. टीव्हीतला माणूस एकेकाचं नाव घेत होता. परक्या देशांची नावं, परक्या माणसांची नावं. मग त्यानं आमच्या बिरूचं, धनगरांच्या बिरुदेवावरून ठेवलेलं नाव घेतलं, असं वाकडं तिकडं करून घेतलं की देवालासुद्धा ओळखू आलं नसतं. मला आलं. मी उठलो कधी, उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो कधी, ते माझं मला कळलं नाही. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं, मला कुणी बघितलं नाही.

आणि तिथं मला दुसरा धक्का बसला.

आठजण ओळीनं उभे होते. आठ देशांचे. कुणी गोरा, कुणी पिवळा, कुणी आमच्या बिरूसारखा सावळा. गुडघ्यापर्यंत काळ्या चड्ड्या, डोक्याला रबरी टोप्या. आणि आठांच्याही अंगावर एक केस नाही. छाती, पाय, काखा, ओठ, सगळं धुतलेल्या भांड्यासारखं. मी डावीकडून उजवीकडं बघत गेलो आणि उजवीकडून डावीकडं आलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की या सगळ्यांचे बाप एकदम कसे गेले? मला आज हसू येतं, तेव्हा आलं नाही. कुठंतरी त्या सात मुलखांतही म्हातारे असतील. तेही बाजेवर पाठ करून बसले असतील का? का त्यांच्याकडं मिशीचं काहीच नसतं, आणि पोरगं मोकळ्या ओठानं पाण्यात उतरतं, आणि म्हातारा मोकळ्या मनानं बघतो?

भोंगा वाजला. पोरं पाण्यात गेली ती किती वेळ वर येईनात. मी मनात म्हणत होतो, ये, ये वर. आली. आणि मी पहिल्यांदा बघितलं की माझा नातू काय करतो.

फुलपाखरू? ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं कधी फुलपाखरू बघितलं नसावं. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर, पाठ वाकडी, छाती वर, तोंड वासलेलं, की पुन्हा खाली. वाघरीत अडकलेला एडका जसा सगळं अंग उसळवून सुटायला बघतो, तसं. खालून कुणीतरी ओढतंय आणि हा दर खेपेला त्याच्या हातून निसटून एक घास हवा घेऊन जातोय, तसं. हे असं हा पोरगा रोज करतो? वर्षानुवर्षं? आणि मी त्याला फोनवर विचारायचो, जेवलास का, आणि तो म्हणायचा, व्हय आज्जा, बरं चाललंय.

आमचा कडेच्या रांगेत होता. तो वर यायचा तेव्हा टीव्हीत त्याचं तोंड दिसायचं. त्या उघड्या ओठावरून पाणी निथळत असायचं. आणि मिशी नसल्यामुळं मला तो एकदम ओळखू आला. सुट्टीला यायचा तो फौजेतला गडी मला अभिमानाचा होता, पण तो माझ्यासारखा होता. हा माझ्यासारखा नव्हता. हा सुनंदासारखा होता. वरचा ओठ जरा आत ओढलेला, दूध पिऊन झाल्यावर मी धोतराच्या सोग्यानं पुसायचो तोच ओठ. इतकी वर्षं तो मिशीखाली तसाच होता, आणि ती मिशी मला इतकी आवडायची की मी कधी त्या ओठाची चौकशी केली नाही.

निम्म्या वाटेपर्यंत तो तिसरा होता. खोली पेटली होती. गंगव्वा दुखवट्याचा टॉवेल डोक्यावर गरगर फिरवत होती. मग तिसऱ्या फेरीला त्याचे हात जड व्हायला लागले. मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. पाण्यात दमलेलं जनावर मी ओळखतो. मान वर यायला उशीर होतो. पहिल्यांदा एकजण पुढं गेला, मग दोघं. शेवटच्या फेरीला तो माझ्या डोळ्यांदेखत मागं पडत गेला आणि आठवा आला. आठात आठवा. टीव्हीवाल्यानं जिंकलेल्याला दाखवलं, तो पाण्यावर हात आपटत होता. मागं, कडेला, बिरू रांगेच्या दोरीवर हात टाकून लोंबकळत होता. टोपी काढली होती. ते तासलेलं डोकं खाली.

गंगव्वानं टॉवेल डोक्यावरून खाली घेतला.

बाहेर आल्यावर एका बाईनं त्याच्या तोंडापुढं माईक धरला आणि हिंदीत विचारलं, घरी सगळे बघत असतील, त्यांना काय सांगशील? तो अजून धापा टाकत होता. अंगावरून पाणी गळत होतं. म्हणाला, “आई-बाबा देख रहे होंगे.” त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, “आज्जा नहीं देखेंगे.”

सुनंदानं पदर तोंडात धरला. भीमानं टीव्ही बंद केला. आणि मी त्यांच्या मागं, दोन हातांच्या अंतरावर, उंबऱ्यात उभा. मला सकाळी वाटलं होतं की मी टीव्हीत माझं मरण बघितलं. ते खरं मरण नव्हतं. खरं हे होतं. मी टक लावून बघत होतो आणि सगळ्या जगाला सांगितलं गेलं की मी बघत नाही. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं, बघितलं की रं. कुणाला सांगणार, काचेला? मी जसा आलो तसाच मागच्या पावली बाजेवर जाऊन बसलो, पाठ करून. मग भीमा बाहेर आला. म्हणाला, आठवा आला आबा. मी म्हणालो, बरं. जसं मला ठाऊकच नव्हतं.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. त्यानं ‘व्हय’ म्हटलं होतं आणि ते पाळलं नाही, हे माझ्याकडं अजून उभं आहे. मिशी ठेवून पोहला असता तर आठाचा नववा थोडाच झाला असता? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पण एक सांगतो. यंदाच्या पितरपाटात परसात भोपळा चिरला जातो, कावळे येतात, मी बापाचं नाव घेऊन पानावरचा घास बाहेर ठेवतो, आणि माझ्या मनात येतं की बापानंही कधी मला पाठमोरा बसून बघितलं असेल का? मी विजापूरकडं मेंढरं घेऊन निघालो तेव्हा तो दाराकडं पाठ करून वाकळ शिवत बसला होता. मी समजलो, बघत नाही. इतकी वर्षं तेच समजून चाललो. कुणाला विचारायचं ते आता?

त्या संध्याकाळी मी फोनची वाट बघितली. धाकट्यानं करायचा असतो. तो आला नाही. दिवसभर वाजवून वाजवून त्याचं मन भरलं असणार. दिवेलागण झाली, गंगव्वाच्या जीपमधल्या बायका निघून गेल्या, ती एकटी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा सुनंदा चुलीत जळण घालत होती. मी स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, त्याला फोन लाव. ती म्हणाली, कुनाला? मी म्हणालो, त्याला. तिनं जळण तसंच टाकलं, हात लुगड्याला पुसले, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. या खेपेला कानाला लावला नाही, हातात दिला. तिकडं बराच वेळ वाजत राहिला. मग झोपेतला, बसलेला आवाज आला, “बोल आई.”

“आई न्हाय,” मी म्हणालो. “मी हाय.”

मग अगदी हळू, “आज्जा?”

“बघितलं मी. उंबऱ्यात हुबा ऱ्हाऊन बघितलं, पैल्यापासनं शेवटपातूर. मी मेलो न्हाय, बिऱ्या.”